‘राहू द्या’ म्हणायच्या आधी

बाळा, पुढच्या महिन्यापासून तू तळेगावात खोली घेऊन राहणार आणि कंपनीच्या बसने चाकणला ये-जा करणार. आईने कुकर, हिंग, सुईदोरा सगळं बांधून दिलं असेलच. त्यात मी आणखी वस्तूंची भर घालत नाही. लोकलच्या गर्दीत, लावणीच्या चिखलात, दवाखान्याच्या बाकड्यावर आणि चार घरच्या लग्नांत या आत्याला जे कळत गेलं, तेवढं लिहून देते.

तुझी एक सवय मला तुझ्या बालवाडीपासून ठाऊक आहे. कुणी पिशवी धरायला हात पुढे केला की तुझं उत्तर ठरलेलं : ‘राहू द्या, जमेल मला.’ जमतं तुला, मान्य. पण न जमण्याचा दिवस प्रत्येकाला येतो, आणि त्या दिवशीची माणसं आधीच्या साध्या दिवसांत जोडावी लागतात. मदत लहान असते तेव्हाच घेत जावी. ती नाकारत गेलं की एक दिवस मोठी मागावी लागते. ती देणाऱ्याला जड जाते आणि घेणाऱ्याला त्याहून जड.

१. लोकलमध्ये बसलेल्या कुणी तुझी बॅग मांडीवर घ्यायला हात पुढे केला तर देऊन टाक — देहूरोडला गर्दी चढली की पाठीवरच्या बॅगेचे धक्के आजूबाजूच्या चौघांना बसतात, म्हणजे ती मदत तुझ्या एकाची नसते, डब्याची असते.

२. चौथ्या सीटवर कुणी सरकून जागा दिली तर टेकून का होईना, बस — सरकलेल्या माणसासमोर तसंच उभं राहिलं तर तो उगाच आखडून बसतो आणि जागा कुणाच्याच कामी येत नाही. तुला नीट जागा मिळाली की मग पुढच्यासाठी तू सरक.

३. ‘नको’ एकदाच म्हण, तेही खरंच नको असेल तरच — तीनदा नको म्हटल्याशिवाय ताट पुढे ओढायचं नाही ही आपली जुनी रीत. पण हल्ली घाईतला माणूस पहिलाच नकार खरा धरून निघून जातो, आणि आपण दारात उभे.

४. ‘काही लागलं तर सांग हं’ असं कुणी म्हणालं तर ‘हो हो, नक्की’ म्हणून सोडून देऊ नकोस, तिथल्या तिथे एक बारीकसं काम सांग — ‘शनिवारी मी नाही, माझी दुधाची पिशवी तुमच्याकडे ठेवाल?’ एवढंसं पुरतं. बोललेला शब्द त्याच आठवड्यात वापरला गेला की तो जिवंत राहतो.

५. खोलीची दुसरी किल्ली पहिल्याच आठवड्यात शेजारच्या घरी ठेव — रविवारी रात्री कुलूपवाला मिळत नाही. आणि किल्ली सांभाळणारा शेजारी तुझ्या दारावर आपोआप नजर ठेवतो, गॅसचा वास आला तर तोच पहिला धावतो. अर्थात आधी दोन-चार दिवस माणसं बघ, मग किल्ली दे.

६. शेजारून वाटी आली तर पोट भरलेलं असलं तरी घे — अळूची भाजी उद्या खाता येते, पण परत गेलेली वाटी पुन्हा यायला वर्ष लागतं.

७. वाटी रिकामी परत करू नये हे तुला आजीने शिकवलंच आहे, मी त्याला पुढचं जोडते : त्याच संध्याकाळी शिरा करून फेडायला धावू नकोस — लगेच फेडलं की हिशोब मिटतो, आणि हिशोबाबरोबर जाणं-येणंही मिटतं. आमच्याकडे मी सुनांना सांगते, ‘थोडं अंगावर राहू द्यावं, म्हणजे दार उघडं राहतं.’

८. रस्त्यात मागून कुणी ‘स्टँड, स्टँड!’ किंवा ‘ओढणी, ओढणी!’ असं ओरडलं तर चिडू नकोस, हात वर करून पोच दे — त्या माणसाने तुझ्यासाठी अर्धं मिनिट वेग वाढवलेला असतो आणि त्याला तुझं नावही माहीत नसतं.

९. मुंबईहून येताना गाडी कर्जतला थांबते ती वड्यासाठी, अशी तुझी लहानपणापासून समजूत. आता एकदा शेवटच्या डब्याकडे जाऊन बघ. मागून इंजिनं लागतात, रेल्वेतले लोक त्यांना बँकर म्हणतात. कर्जत ते लोणावळा अंतर अठ्ठावीस किलोमीटरच्या आसपास, पण बोरघाटाचा चढ असा की सदतीस फुटांमागे एक फूट वर चढायचं. डेक्कन क्वीन १९३० पासून धावते, तिचा मान मोठा, पण घाटात तीही मागून रेटा घेते. घाट संपला की बँकर सुटतात आणि पुढे पुण्यापर्यंत गाडी आपल्या इंजिनावर जाते. तूही असंच कर : चढ दिसला की रेटा घे, सपाटी आली की सोड — चढ असताना नको म्हणणारी गाडी घाटात अडकते आणि मागच्या सगळ्या गाड्या अडवते.

१०. नव्या जागी रस्ता मोबाइलला विचार, आणि शेवटच्या वळणावर माणसालाही विचार — मोबाइलला ओढ्याला आलेलं पाणी दिसत नाही, पुलाजवळच्या टपरीवाल्याला दिसतं. खोपोलीहून जुन्या रस्त्याने घाट चढताना शिंगरोबाचं देऊळ लागतं. लोक सांगतात की घाटात वाट सापडेना तेव्हा इंग्रज साहेबाच्या इंजिनिअरांना शिंगरोबा या धनगराने वाट दाखवली, आणि पुढे त्याच साहेबांनी त्याचा जीव घेतला. दंतकथा म्हण हवं तर. पण तिथून जाणारे ड्रायव्हर अजून नाणं वाहतात. वाट दाखवणाऱ्याचं ऋण आपला मुलूख असं लक्षात ठेवतो, तूही ठेव.

आता गड आणि पाण्याबद्दल जरा जास्त लिहिते, कारण पावसाळ्यात तुझे मित्र ‘चल लोहगडला’ म्हणणारच, आणि तुझा पाय घरात ठरणार नाही.

११. पायथ्याच्या गावातल्या माणसाने ‘आज वर जाऊ नका’ म्हटलं तर वाद न घालता फिर आणि त्याच्याकडे चहा घेऊन ये — तुला ढग दिसतो, त्याला त्या ढगाची सवय माहीत असते.

१२. विसापूरच्या पायऱ्यांवरून पावसात ओढा वाहतो. पुढच्याने हात दिला तर धर, मागच्यालाही दे — शेवाळावर घसरायला वय लागत नाही. आणि हात धरून चढलेल्यालाही वरून तुंग, तिकोना आणि पवनेचं पाणी तेवढंच सुंदर दिसतं.

१३. राजमाचीला जाताना उधेवाडीतलं कुणी वाट दाखवायला सोबत येत असेल तर घे, पैसे आधी ठरव आणि ठरल्याप्रमाणे आनंदाने दे — धुक्यात सगळ्या पायवाटा सारख्या दिसतात. शिवाय त्याच्या बोलण्यातून करवंदाची जाळी, टाक्यांचं पाणी, कुठे बिबट्या दिसला होता हे सगळं तुला आयतं मिळतं.

१४. वाट चुकली, पाय मुरगळला, साथीदार दमला, तर लवकर कळव — उजेडात चार माणसांनी होणारं काम अंधार पडला की अख्ख्या गावाचं होतं. लोणावळ्यात शिवदुर्ग मित्र म्हणून स्वयंसेवकांचं पथक आहे. आपापले कामधंदे सांभाळणारी माणसं आहेत ती. फोन आला की दोर आणि स्ट्रेचर उचलून लोहगड, विसापूर, नागफणीकडे निघतात, पाऊस असो की रात्र. मला त्यांच्याबद्दल फार आदर आहे, म्हणून तुला बजावते. गरज पडली तर संकोच न करता ११२ लावायचा, आणि संकोचापायी दोन तास वाया घालवायचे नाहीत. पण त्याआधी पायथ्याच्या माणसाचं ऐकायचं, म्हणजे कुणाच्या लेकराला तुझ्यासाठी रात्री कड्यावर लोंबकळावं लागणार नाही.

१५. धोक्याची पाटी ही अनोळखी माणसाने आधीच करून ठेवलेली मदत आहे, ती घे — ती लावणाऱ्याला तुला घरी सुखरूप पोचलेलं बघायचं असतं. ३० जून २०२४ च्या रविवारी भुशी धरणाच्या मागच्या ओढ्यात एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली, पाणी बघता बघता वाढलं. १५ जून २०२५ ला, तोही रविवारच, कुंडमळ्याजवळचा इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल गर्दीने कोसळला आणि चार जण गेले. गेलेल्यांना मी बोल लावत नाही, फिरायला आलेली साधी माणसं होती. पण अशा वेळी पाण्यात आधी उतरतात ते आसपासचे लोक, हे ध्यानात ठेव. तेच लोक त्या काठावर एरवी ‘मागे सरका, मागे सरका’ म्हणत असतात, आणि आपण त्यांना हसून पुढे जातो.

१६. घरात साप निघाला तर काठी शोधू नकोस, सर्पमित्राला बोलाव आणि तो येईपर्यंत लांबून सापावर नजर ठेव — मावळात गावोगाव अशी मुलं आहेत, आणि काठी घेतलेल्यालाच साप जास्त चावतो.

गडावरून खाली शेतात येऊ.

१७. तुला इंद्रायणीचा भात आवडतो ना? हे वाण आपल्या वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रातलं, १९८७ चं. त्याचं रोप एकवीस ते पंचवीस दिवसांचं झालं की खाचरात लावावंच लागतं, जून झालं की फुटवे कमी धरतात. आता एका घरातली तीन माणसं सगळी खाचरं चार दिवसांत कशी लावणार? म्हणून इर्जिक. आज आमच्याकडे, उद्या खालच्या आळीत, परवा ओढ्यापलीकडे. चिखलणी एकाची, रोपाच्या मुठी टाकणारा दुसरा, वाकून लावणाऱ्या दहा जणी, आणि घरधनिणीकडून भाकरी-सुकट. यात कुणी कुणाला उपकार म्हणत नाही. पण अंगावर इरलं घेऊन ‘आमचं आम्ही बघू’ म्हणत बसलेली घरंही मी पाहिली आहेत. रोप पिवळं पडायला लागलं की मग माणसं मजुरीनेही मिळत नाहीत, कारण सगळा गाव लावणीत. म्हणून सांगते, वेळेवर आलेले हात वेळेवर घे — रोप आणि काम दोन्ही वाट बघत नाहीत.

१८. इर्जिकीत ज्याचं शेत आधी लागतं, त्याने शेवटच्या शेतापर्यंत जायचं असतं. तुझ्या कंपनीतही ज्या दिवशी सहकाऱ्याने तुझी पाळी सांभाळली, त्या दिवसापासून तू त्या टोळीत — पहिल्यांदा घेणाऱ्यानेच शेवटपर्यंत टिकायचं, ही शेतातली रीत कुठेही चालते.

१९. मदत करणाऱ्याची पद्धत तुझ्यासारखी नसली तरी चालू दे — मावशीने कांदा जाड चिरला म्हणून पोहे बिघडत नाहीत. पण तिच्यासमोर तो परत बारीक केला तर मावशी पुढच्या वेळी सुरी हातात घेत नाही.

२०. लग्नकार्यात गावातल्या घराघरांतून भाकऱ्या भाजून येतात, त्या मोजू नकोस आणि कुणाच्या कडक, कुणाच्या मऊ हे बोलू नकोस — पंगतीत सगळ्या एकाच टोपल्यातून वाढल्या जातात.

२१. तुझ्याहून कमी असलेल्याकडूनही घे, उलट त्याच्याकडून आधी घे — भांडी घासायला येणाऱ्या ताईंनी रानभाजी आणली, वॉचमनकाकांनी चहा दिला, तर ‘तुम्हालाच राहू द्या’ हे वाक्य मायेचं वाटतं खरं, पण त्यातून त्यांना ‘तुमची ऐपत नाही’ एवढंच ऐकू जातं. चहा पी, भाजी कशी करायची ते विचार.

हे नुसतं मी म्हणते म्हणून नको. मळवलीला उतरून एकदा कार्ल्याला जा. एकवीरा आईचं दर्शन घे, गर्दीत कुणी म्हातारी पायऱ्यांवर दमलेली दिसली तर हात दे, आणि मग शेजारच्या लेण्यात शांतपणे उभं राहा. दोन हजार वर्षांमागचा तो चैत्य. तिथल्या शिलालेखात वैजयंतीच्या भूतपाल श्रेष्ठीचं नाव आहे, हे शैलगृह जंबुद्वीपात उत्तम आहे असं तो अभिमानाने सांगतो. वैजयंतीला आता बनवासी म्हणतात, कर्नाटकात आहे. पण तिथेच खांबाखांबावर दुसरीही नावं आहेत. धेनुकाकट गावच्या सिंहदत्त नावाच्या सुगंधी मालाच्या व्यापाऱ्याने दरवाजाचं दान दिलं. स्वामी नावाच्या सुताराचं नाव आहे. यवनांनीही एकेक खांब दिला. श्रेष्ठीचा पैसा मोठा होता, तरी एका खांबाचं दान कुणी परत पाठवलं नाही, आणि सुताराचं नावही दगडातच कोरलं. एवढ्या मोठ्या कामात एक खांब म्हणजे किती? पण तो काढून बघ, रांग पुरी दिसेल का.

आणि तुझ्या तळेगावातच याहून जवळचं उदाहरण आहे, ते तुला कुणी सांगितलं नसेल म्हणून जरा लांबण लावते. अंताजी दामोदर काळे नावाच्या गृहस्थांनी पैसा फंडाची कल्पना काढली : प्रत्येक माणसाने देशी उद्योगासाठी वर्षाला फक्त एक पैसा द्यायचा. तेव्हा रुपयाचे चौसष्ट पैसे होत, म्हणजे चौसष्ट माणसांनी दिला की एक रुपया जमणार. हसणारे हसले असतील. लोकमान्य टिळकांनी मात्र कल्पना उचलून धरली. त्या पैशा-पैशांतून १९०८ साली तळेगावात काच कारखाना उभा राहिला. परदेशात काचेचं तंत्र शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय तो सांभाळायला आले, आणि इथे हात बसलेले कारागीर पुढे देशातल्या दुसऱ्या काच कारखान्यांत गेले. मला यात सगळ्यात मोठी गोष्ट वाटते ती ही : एखाद्या धनवंताकडे जाऊन ‘एकट्याने द्या’ म्हणणं काळ्यांना सोपं होतं. त्यांनी दारोदार जाऊन सगळ्यांकडून थोडं घेणं पत्करलं. थोडं घ्यायला जास्त धीर लागतो, कारण त्यासाठी जास्त दारं ठोठावावी लागतात. पण ज्याचा पैसा त्यात होता, तो प्रत्येक माणूस त्या काचेला आपली म्हणू शकला.

२२. म्हणून मोठी गरज पडली तर एकाच्या खांद्यावर सगळी टाकू नकोस, पाच जणांत वाट — एकाला डबा, एकाला औषधं, एकाला नुसता रात्रीचा फोन. एकटा वाहणारा महिन्यात थकतो, पाच जण वर्षभर चालतात.

२३. आजारपणात ‘डबा आणू का?’ असं विचारलं तर ‘हो, पण फक्त मऊ भात आणि मेतकूट, दोन दिवस’ असं नेमकं सांग — मोघम हो म्हटलं तर बिचारी माऊली चार भाज्या करते, आणि तिसऱ्या दिवशी तिला तुझ्या आजाराची धास्ती वाटते.

२४. दवाखान्यात रात्री थांबायला कुणी तयार असेल तर एक रात्र त्याला दे आणि घरी जाऊन झोप — रुग्णाला जागं माणूस हवं असतं. तीन रात्री जागलेल्या माणसाला डॉक्टरांनी सांगितलेल्या गोळ्यांच्या वेळा आठवत नाहीत.

२५. बाळंतिणीला कुणी ‘बाळाला तासभर माझ्याकडे दे’ म्हणालं तर तिने तो तास स्वयंपाकात घालवू नये, झोपावं. तुझ्या ताईला हे माझ्या नावाने सांग — तिला माझं ऐकायची सवय नाही, पण तुझं ऐकते.

२६. दुःखाच्या घरी चूल पेटत नाही, शेजारचे पिठलं-भाकरी घेऊन येतात, त्याला कडू घास म्हणतात. तिथे कुणी ‘नको’ म्हणत नाही आणि म्हणूही देत नाहीत — आपल्या आधीच्यांना ठाऊक होतं की त्या दिवशी माणसाला मागायचं सुचत नाही, म्हणून त्यांनी विचारायची पद्धतच ठेवली नाही. कधी कुणाच्या दारात असा डबा घेऊन जायची वेळ आली, तर डबा ठेव आणि भांडी घासून निघ. बोलायला शब्द सापडले नाहीत तरी चालतं.

२७. म्हाताऱ्यांना तुझ्या उपयोगी पडू दे. आजोबा स्टेशनपर्यंत सोडायला येतो म्हणाले तर येऊ दे, आजीला मटार सोलू दे, तुटलेलं बटण लावायला तिच्याकडेच दे — ‘तुम्ही बसा हो’ हे दिवसातून दहा वेळा ऐकलेलं माणूस खरंच बसून जातं, आणि मग उठत नाही.

२८. लहान मुलांची मदतही घे. पाच वर्षांचं पोर पाण्याचा तांब्या आणताना अर्धा सांडतं, सांडू दे — ज्या पोराचा तांब्या काढून घेतला, ते मोठेपणी हात पुढे करत नाही.

२९. उसने पैसे घेतलेस तर रक्कम लहान ठेव, तारीख सांग, आणि त्या तारखेच्या आदल्या दिवशी परत कर — पैशाच्या बाबतीत थोडं अंगावर ठेवायचा सातव्या कलमातला नियम लागू नाही, तो वाटीपुरताच.

३०. सगळंच घ्यायचं असंही नाही. एटीएमजवळ अनोळखी माणूस कार्ड हातात मागत असेल, फोनवर कुणी ओटीपी विचारत असेल, रात्री द्रुतगती मार्गावर गाडी बंद पडल्यावर कुणी ‘चला, माझ्या गाडीत बसा’ म्हणत असेल, तर ठाम नाही म्हण आणि अधिकृत मदतीलाच फोन कर — खरी मदत वाट बघायला तयार असते, घाई करणारी मदत बहुधा दुसऱ्याच कामाला आलेली असते.

३१. एखादा मदत करतो आणि मग चार लोकांत ती वाजवतो. त्याच्याकडून एकदा घेतली असशील तर आभार मान, दुसऱ्यांदा नम्रपणे टाळ — त्याच्याशी भांडायचं काही कारण नाही, पण आपली अडचण म्हणजे त्याची बातमी नव्हे.

३२. खरंच नको असेल तर दार लावून घेऊ नकोस, फटीएवढं उघडं ठेव : ‘आज जमलं बघा, पण शुक्रवारी सामान उतरवायचंय, याल?’ — नकारामागोमाग दुसरं आमंत्रण गेलं की नकार टोचत नाही.

३३. आभार तिथल्या तिथे थोडक्यात मान, आणि आठवड्याने मदतीचं पुढे काय झालं ते सांग — ‘तुमचं लोणचं दोन दिवसांत संपलं’, ‘तुम्ही सांगितलेल्या डॉक्टरांनी बरं केलं’ हे ऐकून माणसाचा चेहरा जसा खुलतो, तसा दहा वेळा ‘थँक्यू’ म्हणून खुलत नाही.

३४. ज्याने दिलं त्यालाच फेडता येईल असं नसतं, तेव्हा पुढच्याला दे आणि त्याचा गाजावाजा करू नकोस — लोकलमध्ये तुझी बॅग धरणारी बाई तुला पुन्हा भेटेलच असं नाही. मळवलीला चढणारी दुसरी कुणीतरी भेटेल.

३५. हे आकडे फोनमध्ये ठेव आणि कागदावर लिहून पाकिटातही ठेव : ११२ पोलीस आणि इतर मदतीसाठी, १०८ रुग्णवाहिकेसाठी, त्याखाली शेजाऱ्यांचा, घरमालकांचा आणि माझा नंबर — फोन पाण्यात पडतो, मावळातल्या पावसात तर हमखास, कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ठेवला तर टिकतो.

एवढं पुरे. सगळं पहिल्याच महिन्यात पाळशील अशी माझी अपेक्षा नाही. किल्लीचं आणि पायथ्याच्या माणसाचं मात्र पहिल्या दिवसापासून पाळ, या दोन बाबतींत मी ऐकून घेणार नाही.

पहिल्या शनिवारी संध्याकाळच्या लोकलने इकडे ये. नवा तांदूळ काढून ठेवला आहे, पाच किलो बांधून देते. स्टेशनवर काका स्कूटर घेऊन येतील, पायी यायचा हट्ट करू नकोस. कान्हे सुटलं की फोन कर.